गुन्ह्याच्या मुळाशी जाणारे जोतीराव

उकिरड्यावर नवजात अर्भक सापडले की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि तिच्यात दोन शब्द हमखास असतात, निर्दयी माता. पोलीस आईच्या शोधाला लागतात. दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या जातात, आसपासच्या वस्तीतल्या बायकांकडे चौकशी होते. बापाचा शोध कुणी घेत नाही. त्याचा बातमीत उल्लेखही नसतो. वस्त्यांमध्ये काम करताना अशी बातमी वाचली की आम्हाला पुण्यातला एक माणूस आठवतो. दीडशे वर्षांपूर्वी नेमकी अशीच घटना त्याच्यासमोर घडली. सारे शहर त्या आईला शिव्या देत होते, तेव्हा तो घरी गेला आणि त्याने आपल्या घराचे दार अशा बायकांसाठी उघडले.

तो माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. दरवर्षी ११ एप्रिलला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो आणि १४ एप्रिलपर्यंत त्यांच्या शाळांवर भाषणे ऐकतो. शाळांचे मोठेपण आहेच. पण गुन्हा का घडतो, शिक्षा कुणाला होते आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांच्या अंगाने जोतीरावांचे आयुष्य आपण क्वचितच वाचतो. अत्याचाराच्या केसेसमध्ये धावपळ करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ते तसे वाचले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

कायद्याच्या पुस्तकात नसलेला गुन्हा

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. पेशवाई बुडून अवघी नऊ वर्षे झाली होती. राज्य इंग्रजांचे आले होते, पण पुण्यातली मने पेशवाईतच होती. वडील गोविंदराव भाजी-फुलांचा व्यवसाय करत. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच गेल्या, सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. मिशनच्या शाळेत शिक्षण झाले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते गेले आणि शूद्र असून बरोबरीने चालतो म्हणून त्यांना तिथून अपमान करून काढण्यात आले.

हा प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. आम्ही त्यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. जोतीरावांचा त्या दिवशी जो अपमान झाला तो कोणत्याही कायद्यात गुन्हा नव्हता. तक्रार करायला जागा नव्हती. उलट रूढीच्या हिशेबात दोषी तेच होते. इथूनच त्यांच्या लक्षात आले असावे की गुन्हा कशाला म्हणायचे हे ज्याच्या हातात सत्ता आणि विद्या असते तो ठरवतो. म्हणून त्यांनी विद्येपासून सुरुवात केली. त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. त्याची शिक्षाही मिळाली. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल पडत राहिला. फेकणाऱ्यांपैकी कुणाला शिक्षा झाल्याचे आपण कधी ऐकलेले नाही. अशा वेळी उस्मान शेख यांनी आपल्या घरात आसरा दिला आणि फातिमा शेख शिकवायला उभ्या राहिल्या.

पुढे त्यांनी महार, मांग आणि इतर अस्पृश्य मुलामुलींसाठी शाळा काढल्या. १८५५ साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या लहान मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत महार-मांगांना कसे वागवले जाई, इमारतींच्या पायात त्यांना कसे गाडले जाई, तालमीपुढून गेल्याबद्दल त्यांचा जीव कसा घेतला जाई, हे तिने लिहिले. आज समाजशास्त्रात पीडितांच्या अभ्यासाची स्वतंत्र शाखा आहे आणि ती विसाव्या शतकात उभी राहिली. मुक्ताने त्याआधी कितीतरी वर्षे पीडित समाजाची साक्ष स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. तोवर तिच्या समाजाबद्दल दुसरेच लिहीत होते. त्याच वर्षी जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. धर्माची आणि ग्रहांची भीती घालून एका गरीब कुणबी जोडप्याला कसे लुबाडले जाते, हे त्यात आहे. ही लूटही कायद्याला दिसत नव्हती.

मध्यरात्री आलेले दोन मारेकरी

१८५६ च्या सुमारास जोतीरावांना संपवण्यासाठी दोन माणसे पाठवण्यात आली. चरित्रकार त्यांची नावे देतात. एक रोडे नावाचा रामोशी आणि दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. दोघेही गरीब, कष्टकरी जातींतले. ज्यांना जोतीराव नको होते ते स्वतः हत्यार घेऊन आले नाहीत. त्यांनी पैशांचे आमिष दाखवून गरिबाला पुढे केले. ही रीत आजही बदललेली नाही. वस्ती पेटवताना हातात मशाल कुणाच्या असते आणि ती पेटवायला सांगणारा कुठे बसलेला असतो, हे आपण पाहिले आहे.

चपळाईने जागे झालेल्या जोतीरावांनी आरडाओरडा केला नाही. मी तुमचे काय वाईट केले, हे त्यांनी विचारले. काहीच केले नव्हते, पण पैसे मिळणार होते. तेव्हा, माझे आयुष्य तुमच्यासारख्यांसाठीच आहे, माझ्या मरणाने तुमच्या मुलाबाळांचे भले होत असेल तर वार करा, अशा अर्थाचे ते बोलले. दोघांच्या हातातली हत्यारे गळाली. पुढे रोडे जोतीरावांचा अंगरक्षक झाला आणि धोंडीराम शिकून सत्यशोधक चळवळीचा लेखक आणि कार्यकर्ता झाला.

आपल्या वाचकांना इथे अंगुलिमालाची आठवण होणार. जोतीरावांनी पालि सुत्ते वाचली होती असा आमचा दावा नाही. पण माणूस जन्मतः गुन्हेगार नसतो आणि परिस्थिती बदलली तर तो बदलू शकतो, हा विश्वास दोन्हीकडे एकच आहे.

मात्र या प्रसंगाचा एक चुकीचा अर्थ काढला जातो आणि तो आम्ही गावोगाव ऐकतो. ॲट्रॉसिटीची केस दाखल झाली की गावातले चार प्रतिष्ठित पीडिताच्या दारात येतात. झाले गेले विसरा, मोठे मन करा, केस मागे घ्या, सगळ्यांना एकाच गावात राहायचे आहे, असे समजावतात. महापुरुषांनीही शत्रूला माफ केले, हेही सांगतात. जोतीरावांच्या आयुष्यातून असा अर्थ निघत नाही. त्यांनी स्वतःवर आलेल्या वाराबद्दल माफी दिली, दुसऱ्याच्या वतीने नाही. कुणाच्या दबावाखाली दिली नाही. माफी ज्यांना दिली ते दुबळे होते आणि पश्चात्ताप झालेले होते. ज्या व्यवस्थेने त्यांना पाठवले तिच्याशी जोतीरावांनी मरेपर्यंत तडजोड केली नाही. क्षमा हा पीडिताचा अधिकार आहे. ती त्याच्याकडून वसूल करायची गोष्ट नाही. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावरही भिक्षेला गेला की लोक त्याच्यावर दगड-ढेकळे फेकत आणि ते सहन करायला तथागतांनी त्यालाच सांगितले. ज्यांची माणसे मेली त्यांना गप्प बसायला सांगितले नाही.

काशीबाईला शिक्षा झाली, शास्त्रीबुवाचे काय?

आता सुरुवातीला सांगितलेल्या घटनेकडे येऊ. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिच्यामागे लागून तिला फसवले. तिने सुरुवातीला विरोध केला, मग ती बळी पडली आणि तिला दिवस गेले. त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडायला विषारी औषधे घेतली. त्यांचा उपयोग झाला नाही. मूल झाले. बदनामीच्या भीतीने तिने त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांत तिला अटक झाली. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. खून झाला होता, पुरावा होता, शिक्षा झाली. जोतीरावांच्या दृष्टीने प्रकरण इथे सुरू झाले. त्यांनी मूल मेले हे नाकारले नाही. त्या अर्भकाचा काहीच दोष नव्हता. पण त्यांनी पाहिले की बालविवाह लावणारे, विधवेला पुन्हा लग्नाची बंदी घालणारे, तिचे केस उतरवून तिला घरच्या कामाला जुंपणारे आणि संधी मिळताच तिच्यावर हात टाकणारे, हे सगळे त्या खुनात सामील होते. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र एकटी काशीबाई होती.

म्हणून १८६३ साली त्यांनी राहत्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुण्यात ठिकठिकाणी पत्रके लावली. गरोदर विधवांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यायचे की इथे ठेवायचे हे त्यांनीच ठरवावे, असा त्यांचा आशय होता. आलेल्या बाईला तू कोण आणि तो कोण, असे विचारले जात नव्हते. जोतीरावांची मिळकत बेताची होती, तरी खर्च त्यांनी स्वतः केला. बाळंतपणे आणि मुलांचे संगोपन सावित्रीबाईंनी पाहिले. १८८४ साली सरकारला पाठवलेल्या निवेदनात जोतीरावांनी हा सगळा वृत्तांत दिला आहे. तोवर ३५ विधवा या घरात बाळंत झाल्या होत्या. आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे त्यांची बहुतेक मुले जगली नाहीत. जोतीरावांनी तेही लपवले नाही. समाजसेवेच्या अहवालात अपयश असे सरळ लिहिणारे आजही थोडेच आहेत.

या घराला शहराने काय काय नावे ठेवली असतील याची कल्पना आपण करू शकतो. त्यातही लक्षात घ्या, ज्या जातीने त्यांना वरातीतून हाकलले त्याच जातीच्या बायकांसाठी हे घर होते. पीडित कोणत्या जातीची आहे हे पाहून जोतीरावांनी न्याय मोजला नाही.

पुढे १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर असाच खटला झाला. आधी फाशी, मग हायकोर्टात जन्मठेप, नंतर ती पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून जाब विचारला. त्यांच्यावर टीका झाली. 'सत्सार'मधून त्यांची बाजू घ्यायला जोतीराव उभे राहिले.

सावित्रीबाईंनी वाचवलेले दोन जीव

जोतीरावांची ही दृष्टी त्यांच्या एकट्याची नव्हती. १८६८ मध्ये सावित्रीबाई माहेरी, नायगावला होत्या. तिथून ऑगस्टमध्ये त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण आणि शारजा ही महार समाजातली मुलगी यांचे प्रेम जमले होते. शारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावकऱ्यांनी दोघांची धिंड काढली आणि त्यांना मारून टाकायचे ठरवले. सावित्रीबाई धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे याची त्यांनी जमावाला जाणीव दिली. त्यामुळे दोघांचा जीव वाचला. गाव सोडायची अट मात्र त्यांना मान्य करावी लागली. सावित्रीबाईंनी दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिले.

आज ज्याला आपण ऑनर किलिंग म्हणतो तेच इथे घडणार होते. अशा जमावाच्या मते तो गुन्हा करत नसतो, तो शिक्षा देत असतो. सावित्रीबाईंनी त्या क्षणी जातीच्या न्यायापुढे कायद्याचा न्याय उभा केला. कायदा अपुरा आहे हे या जोडप्याला पुरते माहीत होते. तरी जमावापेक्षा कायदा बरा, हेही त्यांना कळत होते. आणि कायद्याने जीव वाचल्यावर डोक्यावर छप्पर लागते, हे त्यांना सगळ्यात जास्त कळत होते.

जन्मतः गुन्हेगार कोण?

१८७० नंतरच्या दहा वर्षांत गुन्ह्याबद्दलचे दोन अगदी उलटे विचार जगात वावरत होते. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. संपूर्ण जमातीच जन्माने चोर आहेत असे ठरवून त्यांच्यावर नोंदणी आणि हजेरी लादली. सुरुवातीला उत्तर भारतात असलेला हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. १८७६ मध्ये इटलीत लोंब्रोसो या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितले की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि तो कवटीच्या व चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो. जात आणि कर्मविपाक मानणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना यात नवीन काही वाटले नसते.

याच काळात, १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचे उत्तर वेगळे होते. माणूस जन्माने नीच नसतो, त्याला अज्ञानात ठेवून नीच केले जाते. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारदरबारी हे दंगेखोर होते. पण त्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी मुख्यतः कर्जरोखे हिसकावून जाळले. माणसांना मारण्यापेक्षा त्यांचा रोख कागदावर होता. वाचता न येणाऱ्याचा अंगठा ज्या कागदावर घेतला आणि ज्याच्या जोरावर त्याची जमीन गेली, तो कागद त्यांना नष्ट करायचा होता. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी सावकार, कचेरीतला कारकून, लाच, खोटे कागद आणि आळशी गोरा साहेब या सगळ्यांची साखळी उलगडून दाखवली. त्या साखळीची पहिली कडी त्यांनी अविद्या सांगितली. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या वाचकांना हा शब्द परका नाही.

पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना दारूच्या गुत्त्यांची वाढ झाली, तेव्हाही त्यांनी त्याविरुद्ध लिहिले. पिणाऱ्याला दोष देऊन ते थांबले नाहीत. दुकाने वाढवणाऱ्यांना त्यांनी प्रश्न विचारला.

विरोधकाचा जामीन

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. टिळकांचे आणि जोतीरावांचे विचार किती दूर होते हे सांगायला नको. तरीही या दोघांच्या जामिनासाठी जोतीरावांनी आपले सत्यशोधक मित्र रामशेट बापूशेट उरवणे यांना उभे केले. रक्कम १०,००० रुपयांची होती. पटत नसलेल्या माणसालाही न्यायाची संधी मिळाली पाहिजे, ही नीती त्यांनी कृतीने दाखवली. आपल्या चळवळीत एका गटाच्या कार्यकर्त्याला अटक झाली की दुसरा गट बघत बसतो, त्या वेळी हा जामीन आम्हाला आठवतो.

दोन काशीबाई

जोतीराव-सावित्रीबाईंना मूल नव्हते. बालहत्या प्रतिबंधक गृहात आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. चरित्रांत त्याच्या आईचे नावही काशीबाई असेच येते. अनेक लेखांत या दोघींना एकच समजले जाते, पण पहिली दहा वर्षे आधीच जन्मठेपेवर गेली होती. एका काशीबाईला कुणी दार उघडले नाही, तिचे मूल विहिरीत गेले आणि ती काळ्या पाण्यावर. दुसरीला दार उघडे मिळाले, तिचे मूल डॉक्टर झाले. दोघींची जात तीच, शहर तेच, संकट तेच. गुन्हा रक्तात असतो की परिस्थितीत, याचे उत्तर याहून स्पष्ट काय असू शकते?

१८८८ मध्ये मुंबईत जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. यशवंत दत्तक म्हणून भाऊबंदांनी अंत्यविधीच्या हक्कावरून वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे झाल्या आणि त्यांनी अग्नी दिला. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या.

आपल्यासाठी

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतीरावांना गुरू मानले आणि १९४६ मध्ये शूद्रांवरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. ही परंपरा एकच आहे. दीघनिकायातल्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा गरिबांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य येते, दारिद्र्यातून चोरी आणि चोरांचे मुंडके उडवू लागल्यावर हिंसाच वाढते. कूटदंत सुत्तात शहाणा पुरोहित राजाला सांगतो की दंड देऊन चोर संपणार नाहीत, शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन दे.

पण कारण समजून घेणे म्हणजे सगळ्यांना सोडून देणे नव्हे. पोटासाठी केलेली चोरी आणि जातीच्या माजातून केलेला अत्याचार यांची कारणे वेगळी आहेत. पहिल्याचे मूळ वंचनेत आहे, दुसऱ्याचे सत्तेत. पहिल्याला संधी हवी, दुसऱ्याला कायद्याचा धाक. जोतीरावांनी रोडेला जवळ केले, शास्त्रीबुवाला नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन, खटल्याची माहिती मिळणे, हे सगळे त्यात आहे. आम्हाला भेटणाऱ्या बहुतेक कुटुंबांना ते कुणी सांगितलेले नसते. एफआयआर झाला, मोर्चा निघाला, फोटो आले आणि सहा महिन्यांनी ते कुटुंब एकटे पडले, असे किती वेळा झाले याचा हिशेब आपणच करू या.

आणि आणखी एक. चोरी झाली की पारध्याच्या पोराला आधी उचलतात. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. तो आपल्याही वस्तीत आहे, आपल्याही बोलण्यात आहे. त्या पोराच्या जामिनाला कोण उभे राहते, यावरून आपण जोतीरावांचे किती लागतो ते ठरेल.

येत्या जयंतीला वर्गणीतून डीजेचे पैसे वाचवून प्रत्येक वस्तीने निदान एक दार उघडे ठेवावे, संकटातल्या बाईसाठी आणि खटला लढणाऱ्या कुटुंबासाठी. जोतीरावांनी ते एकट्याच्या मिळकतीवर केले होते.

जय जोती, जय भीम!